तोंडातील गाठ : घाबरू नये, लपवूही नये



भुईमुगाचा वेल उपटून पाहिला तर त्याच्या मुळांना ज्वारी-बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी लागलेल्या दिसतात. नवखा माणूस म्हणेल, पिकाला रोग लागला. जाणता शेतकरी त्यातली एक गाठ नखाने फोडतो, आत गुलाबी रंग दिसला की समाधानाने वेल खाली ठेवतो; कारण त्या गाठीतील जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देत असतात. पुढे कधी वांग्याचे झाड पिवळे पडून खुरटले म्हणून उपटावे, तर त्याच्याही मुळांना गाठीच दिसतात. पण त्या सूत्रकृमीच्या. तेथे मूळच सुजलेले असते, गाठ निराळी सुटून येत नाही. वरवर पाहता या गाठी आणि त्या गाठी सारख्याच. एक घर भरते, दुसरी घर बुडवते. फरक कळतो तो फोडून, नीट निरखून पाहिल्यावरच.

तोंडातल्या गाठींचेही असेच आहे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर किंवा ओठात गाठ लागली की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, ती गाठ म्हणजे कॅन्सरच असे धरून अन्नपाणी सोडणारी. दुसरी, "दुखत नाही ना, मग असू दे" म्हणून वर्ष-वर्ष कोणाला न दाखवणारी. पहिल्याची भीती बहुतेक वेळा खोटी ठरते, कारण तोंडातल्या पुष्कळशा गाठी साध्या असतात. दुसऱ्याचा निर्धास्तपणा मात्र कधीकधी फार महाग पडतो. म्हणून या अंकात साध्या गाठी कशा असतात, डॉक्टर त्या कशा ओळखतात आणि त्यांवर उपाय काय, हे सांगण्याचे योजले आहे.

साधी गाठ म्हणजे काय?

जी गाठ सावकाश वाढते, आहे त्या जागीच राहते, मानेत किंवा शरीरात इतरत्र पसरत नाही आणि एकदा मुळासकट काढली की सहसा प्रश्न मिटतो, ती साधी गाठ. कॅन्सरची गाठ आजूबाजूच्या मांसात मुळे सोडते, मानेतल्या गाठींत उतरते आणि वेळेवर उपाय झाला नाही तर जीव घेते. ही व्याख्या सोपी आहे. पण नुसत्या डोळ्यांनी दर वेळी हा निवाडा करता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.

आधी आपले तोंड ओळखा

पुष्कळदा माणूस आरशात पाहतो आणि देवाने घडवलेल्या अवयवालाच रोग समजून घाबरतो. जीभ पुरती बाहेर काढली तर अगदी मागच्या बाजूला आठ-दहा मोठे पुटकुळ्यांसारखे ठिपके इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले दिसतात. ते प्रत्येकाला असतात. चव कळण्याचे ते साधन आहे. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत एक बारीक उंचवटा लागतो. कानाजवळच्या लाळेच्या पिंडाची नळी तेथे उघडते. गालाच्या व ओठांच्या आत रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी आहेत. गाईच्या गालाच्या आत टोकदार काट्यांसारखे मऊ उंचवटे असतात, त्यांना आपण रोग म्हणत नाही, तसेच हे.

काही जणांच्या टाळ्याच्या मधोमध, किंवा खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला जिभेच्या बाजूस, दगडासारखा कठीण उंचवटा असतो. तो हाडाचाच असतो आणि वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. त्याला काही करावे लागत नाही. कवळी बसवताना अडचण आली तरच तो भाग शस्त्रक्रियेने सपाट करतात.

तान्ह्या बाळाच्या हिरड्यांवर किंवा टाळ्याला पांढरे मोत्यासारखे दाणे दिसले तर काही घरांत ते सुईने फोडतात किंवा कपड्याने घासतात. तसे मुळीच करू नये. ते दाणे काही आठवड्यांत आपोआप जातात. सुईने मात्र जखम चिघळते.

नेहमी आढळणाऱ्या साध्या गाठी

१. चावल्याने होणारी गाठ. तोंडातल्या साध्या गाठींत ही फार आढळते. दाताची कड तुटून धारदार झालेली असते, किंवा जेवताना गाल पुन्हा पुन्हा दाढेखाली सापडतो. रोज त्याच जागी मार बसल्याने तेथले मांस जाड होते आणि गुळगुळीत, गुलाबी, न दुखणारी गाठ तयार होते. औताच्या मुठीने तळहाताला घट्टे पडतात, त्यातलाच हा प्रकार. गालाच्या आत दात मिटतात त्या रेषेवर, जिभेच्या कडेला किंवा खालच्या ओठात ती असते. औषधाने ही गाठ विरघळत नाही. भूल देऊन ती काढतात आणि धारदार दात घासून गुळगुळीत करतात. दात तसाच ठेवला तर गाठ पुन्हा येऊ शकते.

२. हिरडीवरील लाल गाठ. ही लालभडक असते, काही आठवड्यांतच वाढते आणि ब्रश लागला तरी भळाभळा रक्त येते. दातांवर साचलेले कीटण हे बहुधा तिचे मूळ असते. गरोदर स्त्रियांत शरीरातील बदलांमुळे ही गाठ जास्त दिसते आणि घरात एकच घबराट उडते. सुनेला काय झाले म्हणून सासूबाई कडक पथ्य लावतात आणि आधीच पांडुरोगी असलेली पोर आणखी अशक्त होते. अशा वेळी अन्न तोडू नये. डॉक्टरांना दाखवावे, दात साफ करून घ्यावेत, मऊ ब्रश वापरावा. बाळंतपणानंतर ही गाठ पुष्कळदा आपोआप आक्रसते. राहिली तर तेव्हा काढता येते. रक्त फारच जात असेल तर मधल्या तीन महिन्यांतही डॉक्टर ती सुरक्षितपणे काढू शकतात.

हिरडीवर याच्यासारख्याच दिसणाऱ्या आणखी दोन-तीन जातीच्या गाठी होतात. त्यांची मुळे दाताच्या भोवतालच्या पडद्यात असल्याने त्या हाडापर्यंत खरवडून काढाव्या लागतात. वरवर कापल्या तर परत येतात.

३. लाळेची फुगी. खालच्या ओठाच्या आत निळसर, पाण्याने भरल्यासारखी फुगी येते. ओठ चावल्याने लाळेची बारीक नळी फुटते आणि लाळ मांसात साचते. मुलांत व तरुणांत ही जास्त. ती फुटते, बसते, पुन्हा भरते. टाचणीने फोडून काही उपयोग नाही. शेतातली फुटलेली पाइपलाइन तशीच ठेवून वरचे पाणी उपसल्यासारखे ते आहे. बरेच दिवस टिकली किंवा परत परत भरू लागली तर खालच्या बारीक लाळग्रंथीसह काढावी लागते. हीच फुगी जिभेखाली एका बाजूला मोठी झाली तर तिला रान्युला म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ छोटी बेडकी. बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखी ती दिसते.

४. फुलकोबीसारखा मस. टाळ्यावर, पडजिभेवर किंवा जिभेवर पांढरट-गुलाबी, बारीक दांड्याचा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा मस येतो. हा विषाणूंमुळे होतो. बुंध्यासह काढला की सहसा परत येत नाही.

५. कवळीची गाठ. सैल झालेल्या कवळीची कड हिरडीत रुतत राहिली की तेथे मांसाच्या घड्या वाढतात. काही दिवस कवळी काढून ठेवली तर सूज उतरते. उरलेला भाग काढून कवळी नवी करून घ्यावी लागते. आजोबांची कवळी दहा-पंधरा वर्षांची झाली असेल तर एकदा तपासून घ्यावी. तोंड बदलते, कवळी बदलत नाही.

६. हिरडीवरचे गळू. किडक्या दाताजवळ पुटकुळी येते, फुटून पू जातो, पुन्हा येते. ही खरी गाठ नव्हे. दाताच्या मुळाशी साचलेल्या पुवाचे ते तोंड आहे. उपाय दातावर करावा लागतो.

७. औषधांमुळे वाढलेल्या हिरड्या. फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी निफेडिपीन, अॅम्लोडिपीन या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांच्या हिरड्या दातांवर चढू लागतात. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये; फिट येऊन माणूस विहिरीच्या काठावर किंवा चुलीत पडला तर काय होईल, याचा विचार करावा. डॉक्टरांना सांगितले तर ते गोळी बदलून पाहतात. दात स्वच्छ ठेवल्यानेही बराच फरक पडतो.

८. रक्तवाहिन्यांची गाठ. निळसर-जांभळी, बोटाने दाबली की फिकी पडणारी. हिला घरी हात लावणे फार धोक्याचे, कारण रक्त थांबवणे कठीण जाते.

घरी काय करू नये

अंगावरच्या चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधून ती पाडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तोंडातल्या गाठीला तसे करू नये. चुना, कळीचा खार, तेजाब किंवा बिब्बा लावून गाठ जाळू नये. ब्लेडने कापू नये. यात रक्तस्राव व चिघळण्याचा धोका आहेच, पण त्याहून मोठा तोटा निराळा आहे. गाठ जळून गेली की ती कोणत्या जातीची होती हे तपासण्याचा मार्गच बंद होतो. वर भरून आलेल्या जखमेखाली मूळ शिल्लक राहिले तर ते वाढतच राहते आणि घरचे लोक मात्र बरे झाले म्हणून निश्चिंत बसतात.

डॉक्टर काय करतात?

दातांचे डॉक्टर प्रथम विचारतात : गाठ केव्हापासून? वाढते आहे का? रक्त येते का? तंबाखू, मिसरी, सुपारी, गुटखा, दारू यांपैकी काय चालते? येथे लाजू नये. डॉक्टरांपुढे अर्धे सांगितले तर अर्धाच उपाय होतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपेचा विकार, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण, पूर्वी एखाद्या इंजेक्शनाने झालेला त्रास हेही आपण होऊन सांगावे.

मग ते बोटाने चाचपून पाहतात. गाठ मऊ आहे की कठीण, बोटाखाली हलते की खाली चिकटलेली आहे, मानेत काही लागते का, हे पाहतात. हिरडीची किंवा हाडाची गाठ असेल तर एक्स-रे काढतात.

लहान गाठ असेल तर जागेवर भुलीचे इंजेक्शन देऊन ती पूर्णच काढतात. बहुतेक वेळा थोडक्यात काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. गाठ मोठी किंवा संशयास्पद असेल तर आधी तिचा एक छोटा तुकडा घेतात. काढलेला भाग फॉर्मालिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे त्याचे अतिशय पातळ काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. भुईमुगाची गाठ नखाने फोडून आतला रंग पाहण्यासारखेच हे आहे, फक्त येथे नखाऐवजी सूक्ष्मदर्शक लागतो.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" अशी समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. या समजुतीपायी माणसे तपासणी पुढे ढकलतात आणि त्या अवधीत खरा रोग असला तर तो वाढतो. गाठ दिसायला कितीही साधी असली तरी काढल्यावर "तपासणीला पाठवली ना?" असे डॉक्टरांना जरूर विचारावे. आलेला अहवाल सात-बाऱ्याच्या उताऱ्यासारखा जपून ठेवावा. पुढे कधी त्याच जागी काही उद्भवले तर त्या कागदाचा फार उपयोग होतो.

ही सोय सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयात मिळते. बेळगाव-खानापूरकडच्या लोकांना बेळगाव जवळ पडते. गोव्यातील बांधवांना बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे.

गाठ काढल्यानंतर

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवावा. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये, सारखे थुंकू नये. गार किंवा कोमट, मऊ अन्न घ्यावे : पेज, आंबील, ताक-भात. तिखट आणि कढत पदार्थ चार दिवस टाळावेत. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हळू चूळ भरावी. टाके न विरघळणारे असतील तर साधारण आठवड्याने काढतात. जखम भरेपर्यंत तंबाखू आणि विडी तोंडाजवळही आणू नये, आणि त्यानंतर तरी का आणावी? रक्त थांबेना, सूज वाढत गेली किंवा ताप आला तर तसेच रुग्णालय गाठावे.

धोक्याची चिन्हे

आता महत्त्वाचे. तोंडातील कोणतीही गाठ, जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तो दाखवलाच पाहिजे. दोन रविवारच्या मिस्सा झाल्या आणि जखम तशीच आहे, तर तिसऱ्या रविवारची वाट पाहू नका. पुढील चिन्हे असतील तर दोन आठवडेही थांबू नये :

गाठ कठीण आहे आणि खाली चिकटल्यासारखी हलत नाही; झपाट्याने वाढते आहे; गाठीवर भरून न येणारी जखम आहे; दात कारण नसता हलू लागला; ओठ किंवा हनुवटी बधिर झाली; गिळताना अडकते; मानेत गाठ लागते. तसेच पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आणि तोंड पूर्वीसारखे न उघडणे. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर सुपारी-गुटख्याने आतले मांस ताठ होत असल्याची ती खूण असू शकते.

यातले एकही चिन्ह दुखतेच असे नाही. दुखणे हे कॅन्सरचे पहिले लक्षण नव्हे. पुष्कळदा ते शेवटी येते.

येथे एक हकिकत सांगतो. निपाणीकडचे एक काका. गालात वाटाण्याएवढी गाठ होती, ती जेवताना दाताखाली येई म्हणून कंटाळून ते डॉक्टरांकडे गेले. गाठ चावल्याने झालेली, अगदी साधी निघाली. पण तोंड तपासताना डॉक्टरांना दुसऱ्या बाजूला, खालच्या ओठाच्या आत, जेथे काका वीस वर्षे तंबाखू-चुन्याची चिमूट धरीत होते तेथे, पांढरा खरखरीत चट्टा दिसला. काकांना तो ठाऊकही नव्हता; दुखत नव्हता. त्याचा तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण तिकडे जाणाऱ्या वाटेवरचे बदल दिसू लागले होते. चट्टा काढला. काकांनी चंची चुलीत टाकली. आजही ते ठरावीक मुदतीने तपासणीला जातात. ते म्हणतात, "गाठ साधी होती, पण तिनेच मला हाताला धरून नेले."

तोंडाचा कॅन्सर हा भारतातील पुरुषांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे. तंबाखू घातलेल्या विड्याने तो होतो हे 1985 मध्येच जागतिक पातळीवर नमूद झाले. 2004 मध्ये नुसती सुपारीही त्याच यादीत आली. तेव्हा "मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो" या बोलण्याला आधार उरलेला नाही. आपल्या बहिणींनी मिसरीलाही दात घासण्याचे साधन समजू नये. ती भाजलेली तंबाखूच आहे.

महिन्यातून एकदा पाच मिनिटे

महिन्याचा पहिला शुक्रवार आपण भक्तीने पाळतो. त्याच दिवशी सकाळी पाच मिनिटे उजेडात आरसा घेऊन बसावे. कवळी काढून ठेवावी. ओठ उलटून पाहावेत, दोन्ही गाल बोटाने ओढून पाहावेत, टाळा पाहावा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा आणि जीभ वर उचलून खालची जागा पाहावी. मग स्वच्छ बोटाने गाल, जिभेखालची जागा व मान चाचपावी. ज्यांना नीट दिसत नाही त्यांचे तोंड मुला-सुनेने पाहावे. गाय-बैल बाजारात घेताना आपण जबडा उघडून दात पाहतो. स्वतःच्या घरच्या माणसांसाठी एवढे करणे काही जड नाही.

दर वर्षी 3 फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणाला, फादर दोन मेणबत्त्या आपल्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. परंपरा सांगते की हे बिशप मूळचे वैद्य होते. ते प्रार्थना करीत आणि औषधही देत. एकासाठी दुसरे सोडावे असे त्यांना वाटले नाही. आपणही तसेच करावे. आशीर्वाद घ्यावा, आणि तोंडात गाठ असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवावी. बहुतेकांना "साधी आहे" हेच उत्तर मिळेल आणि रात्रीची झोप परत येईल. ज्या थोड्यांना तसे उत्तर मिळणार नाही, त्यांच्यासाठी तर ती खेप फारच मोलाची ठरेल.